दहा बोटांवर १०२३ पर्यंत: द्विमान मोजणी हाताला कशी बसवावी

विचारणा थोडक्यात अशी आहे. दहा बोटांवर द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ या दोन अंकांनी, १०२३ पर्यंत मोजता येते हे कळल्यावर प्रश्नकर्त्याने प्रयत्न करून पाहिला, पण विशी ओलांडताना दर वेळी मोजणी चुकते. अनामिका एकटी उभी राहत नाही. आणि एवढा खटाटोप करून हाती काय लागते, हेही स्पष्ट होत नाही. शेवटी त्यांनी असेही विचारले आहे की, बोट अर्धे वाकवून तिसरी अवस्था धरली तर दहा बोटांवर ५९,०४९ स्थिती मिळतात, मग दोनच अवस्थांवर का थांबावे? मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि ही मोजणी वर्गात व वर्गाबाहेर नेहमी वापरतो, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

आधी मांडणी ठरवून घेऊ. दोन्ही तळवे स्वतःकडे करून मुठी मिटाव्यात. ही स्थिती म्हणजे शून्य. उजव्या हाताचा अंगठा १, तर्जनी २, मधले बोट ४, अनामिका ८ आणि करंगळी १६. डाव्या हातावर पुन्हा अंगठ्यापासूनच सुरुवात करून ३२, ६४, १२८, २५६ आणि ५१२. जे बोट उभे असेल त्याची किंमत धरायची, मिटलेल्या बोटाची किंमत शून्य. एका हाताची सर्व बोटे उभी केली की ३१ होतात आणि दोन्ही हातांची केली की १०२३. स्थिती मात्र १०२४ असतात, कारण मिटलेल्या मुठी हीसुद्धा एक स्थितीच आहे. आपण नेहमी बोटे मोजतो तेव्हा कोणते बोट उभे आहे याला काहीच महत्त्व नसते, किती उभी आहेत एवढेच पाहिले जाते. म्हणून त्याच दहा बोटांवर शून्य धरून फक्त अकरा संख्या बसतात. बोटाच्या जागेला किंमत दिली की तीच बोटे जवळजवळ शंभरपट काम करू लागतात.

डाव्या हाताबाबत दोन प्रथा आहेत. काही जण करंगळीला ३२ देतात, म्हणजे तळवे स्वतःकडे असताना डावीकडून उजवीकडे बोटे वाचली की कागदावर लिहितो तशीच द्विमान संख्या समोर दिसते. ही सोय खरी आहे, पण ती लिहिणाऱ्याच्या कामाची, मोजणाऱ्याच्या नव्हे. मोजताना दोन्ही हातांना एकच नियम लागू असलेला बरा, आणि वाचतानाही डावा हात ही एक स्वतंत्र संख्या मानून तिला ३२ ने गुणले की काम होते. उदाहरणार्थ, डाव्या हातावर ५ आणि उजव्यावर १९ असतील तर १६० अधिक १९ म्हणजे १७९. कोणतीही प्रथा चालेल, फक्त एकदा ठरवल्यावर ती बदलू नये. अंगठ्याला १ देण्याबाबत मात्र मी आग्रही आहे. एकच्या स्थानावरचे बोट प्रत्येक पावलाला हलते, दोनच्या स्थानावरचे दर दुसऱ्या, चारचे दर चौथ्या, आठचे दर आठव्या आणि सोळाचे दर सोळाव्या पावलाला. सर्वांत मोकळ्या आणि चपळ बोटाकडे सर्वांत जास्त काम जावे आणि अडून बसणाऱ्या अनामिकेकडे कमी, हीच वाटणी योग्य आहे.

आता गोंधळाविषयी. नवशिके लोक बहुधा प्रत्येक संख्येची आकृती शोधायला जातात: तेरा आले, म्हणजे आठ, चार आणि एक, म्हणून अनामिका, मधले बोट आणि अंगठा. असे करणारा मनात दशमान मोजणी चालू ठेवतो आणि तिचे दर पावलाला द्विमानात भाषांतर करतो. म्हणजे बोटांचा त्याला उपयोग तर होत नाहीच, उलट काम दुप्पट होते. मोजण्यासाठी आपण कितीवर आलो आहोत हे माहीत असण्याची गरजच नाही. ठोके मोजणाऱ्या काउंटर सर्किटलाही ते माहीत नसते. एकच नियम पुरतो: अंगठ्यापासून निघावे, सलग जितकी बोटे उभी सापडतील तितकी मिटत जावे, आणि पहिले मिटलेले बोट सापडले की ते उभे करून थांबावे.

हा नियम एका टप्प्यावर चालवून पाहू. समजा उजव्या हातावर ११ आहेत, म्हणजे अंगठा, तर्जनी आणि अनामिका उभी आहे. पुढचा ठोका, म्हणजे मोजायची पुढची गोष्ट, आली. अंगठा उभा आहे, मिटला. तर्जनी उभी आहे, मिटली. मधले बोट मिटलेले आहे, ते उभे केले आणि थांबलो. अनामिकेला हातही लावला नाही. मधले बोट आणि अनामिका मिळून १२ झाले, पण ते आपण शोधले नाहीत, ते आपोआप झाले. पुढच्या ठोक्याला अंगठा मिटलेला आहे, तो उभा करून लगेच थांबलो: १३. मग अंगठा मिटून तर्जनी उभी: १४. मग पुन्हा अंगठा: १५. त्यानंतरच्या ठोक्याला चारही बोटे ओळीने मिटतात आणि करंगळी एकटी उभी राहते: १६. लेखी बेरजेत नऊनंतर शून्य मांडून हातचा एक पुढच्या घरात नेतो तीच ही कृती आहे. फरक एवढाच की इथे हातचा एकनंतरच द्यावा लागतो, म्हणून तो वारंवार येतो.

वारंवार म्हणजे किती, हेही पाहण्यासारखे आहे. निम्म्या पावलांत एकच बोट हलते, पाव भागात दोन, आठव्या भागात तीन, आणि असेच पुढे. शून्यापासून १०२३ पर्यंत जाताना बोटांच्या एकूण २,०३६ हालचाली होतात, म्हणजे सरासरीने दर पावलाला दोनपेक्षाही किंचित कमी. परंतु सरासरी फसवी असते. मोजणी जिथे सुटते ती जागा म्हणजे १५ वरून १६, ३१ वरून ३२ अशी लांबलचक हातच्याची पावले. ठोके झपाट्याने येत असतील तर एवढी बोटे हलवता हलवता पुढचा ठोका निसटतो. त्यावर उपाय हा की, ही बोटे एकामागून एक न मिटता एकाच झटक्यात मिटण्याची सवय करावी. सोळावर जाताना पाच हालचाली मनात आणू नयेत. हात झटकून करंगळी तेवढी वर ठेवण्याची एकच हालचाल मानावी.

तरीही प्रश्नकर्त्याची मोजणी नेमकी विशीतच का बिघडते, याचे उत्तर माझ्या मते डोक्यात नसून हातात आहे. २० म्हणजे मधले बोट आणि करंगळी उभी, आणि त्यांच्या मधली अनामिका मिटलेली. २० ते २३ या चारही स्थितींत अनामिकेने दोन उभ्या शेजाऱ्यांच्या मध्ये खाली राहायचे असते, आणि ते तिला जमत नाही; ती हळूच वर येते. ती वर आली की २० चे २८ होतात, आणि नियम इतका आज्ञाधारक आहे की तो २८ पासून निमूटपणे पुढे चालू लागतो. चूक लक्षातही येत नाही, कारण हातावरची स्थिती वैधच असते. अंतिम उत्तर नेमके आठाने जास्त येत असेल, तर कारण हेच समजावे. उलट बाजूची अडचण ८ ते ११ मध्ये येते: तिथे अनामिकेने एकटीने उभे राहायचे असते आणि मधले बोट व करंगळी खाली ठेवायची असते. तिथे मधले बोट सोबत आले तर चारांची चूक होते, करंगळी आली तर सोळांची.

याचे कारण शरीररचनेत आहे. चारही बोटे सरळ करणारा मुख्य स्नायू कोपरापासून पुढे मनगटाकडे जाणाऱ्या भागात असतो आणि त्याच्या चार कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) हाताच्या पाठीवरून चार बोटांकडे जातात. या कंडरांना आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेले असते, आणि अनामिकेची शेजाऱ्यांशी असलेली जोडणी विशेष पक्की असते. तर्जनी आणि करंगळी यांना सरळ होण्यासाठी आपापला वेगळा जादा स्नायूही मिळालेला आहे; मधल्या बोटाला आणि अनामिकेला बहुधा तो नसतो. बोटे मिटण्याच्या बाजूलाही मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांचा खोलवरचा स्नायू बऱ्याच अंशी सामाईक असतो. त्यामुळे सरावाने थोडी सुधारणा होते, पण अनामिकेला तर्जनीसारखे स्वातंत्र्य मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि दुसऱ्या हाताने ताणून ते मिळवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

उपाय व्याख्या बदलण्यात आहे. ‘उभे’ म्हणजे ताठ सरळ, असे धरलेच पाहिजे असे नाही. बोटाचे टोक तळव्याला टेकलेले असेल तर शून्य आणि टेकलेले नसेल तर एक, असे धरावे. अंगठ्यासाठी तर्जनीच्या कडेला टेकणे हे शून्य. या व्याख्येत अनामिकेने टोक तळव्यापासून बोटभर दूर केले तरी पुरते, आणि शेजारी थोडेफार सरकले तरी ते टेकलेले राहू शकतात. शिवाय स्पर्श न पाहता कळतो, म्हणून डोळे दुसऱ्या कामाला मोकळे राहतात. याहून सोपी रीत म्हणजे तळवे पालथे करून बोटांची टोके टेबलावर किंवा मांडीवर ठेवणे आणि दाबलेले बोट एक मानणे. इथे बोट उचलावे लागत नाही, फक्त दाब द्यावा लागतो, आणि एकट्या अनामिकेने दाब देणे तिला उचलण्यापेक्षा कितीतरी सोपे जाते. मी स्वतः हीच रीत वापरतो. तिचा आणखी एक फायदा असा की, तळवे स्वतःकडे धरल्यावर ४ या संख्येला समोरच्या माणसाला जे दिसते ते सभ्य नसते, आणि १३२ ला तर ते दोन्ही हातांनी दिसते. चारचौघांत मोजायचे असल्यास हात टेबलाखाली ठेवलेलेच बरे.

मोजून झाल्यावर संख्या वाचायची कशी? उभ्या बोटांच्या किमतींची बेरीज हा सरळ मार्ग आहेच, पण त्यासाठी दहा किमती पाठ असाव्या लागतात. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे: सर्वांत मोठ्या स्थानाच्या उभ्या बोटावर एक म्हणावे, मग अंगठ्याच्या दिशेने एकेक बोट उतरत जावे, दर बोटाला आधीच्या संख्येची दुप्पट करावी आणि ते बोट उभे असल्यास त्यात एक मिळवावा. डावा अंगठा आणि उजव्या हाताची अनामिका, तर्जनी व अंगठा उभा आहे असे समजा. डाव्या अंगठ्यावर १. उजवी करंगळी मिटलेली, २. अनामिका उभी, दुप्पट ४ आणि एक, ५. मधले बोट मिटलेले, १०. तर्जनी उभी, २१. अंगठा उभा, ४३. एकही स्थानिक किंमत आठवावी लागली नाही. संख्या बोटांवर मांडायची असेल तर हेच उलट करावे. संख्या विषम असल्यास अंगठा उभा, सम असल्यास मिटलेला. मग तिचे निम्मे घेऊन (उरलेला एक सोडून देऊन) तर्जनीकडे जावे, आणि असेच पुढे. ३०० साठी ३०० सम, १५० सम, ७५ विषम, ३७ विषम, १८ सम, ९ विषम, ४ सम, २ सम, १ विषम. म्हणजे उजव्या हाताचे मधले बोट व अनामिका, आणि डाव्या हाताचा अंगठा व अनामिका: ४ + ८ + ३२ + २५६.

बऱ्याचदा मात्र वाचण्याची गरजच पडू नये अशी सोय करता येते, आणि या पद्धतीतली मला सर्वांत उपयुक्त वाटलेली युक्ती हीच आहे. एखादी कृती वीस वेळा करायची असेल तर शून्यापासून मोजून वीसची आकृती ओळखत बसण्यापेक्षा, हातावर आधीच १२ मांडून ठेवावेत. वीस पावलांनी ३२ होतात, म्हणजे उजव्या हाताची सर्व बोटे एकदम मिटतात. मूठ मिटली की काम संपले. मायक्रोकंट्रोलरमधील (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपमधील) टायमर नेमके असेच चालवतात: आठ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ चे एक स्थान, आपल्या एका बोटासारखे) टायमरला १०० ठोके मोजायचे असतील तर त्यात २५६ वजा १००, म्हणजे १५६ भरून ठेवतात आणि तो शून्यावर उलटला की पुढची कृती सुरू होते. सुरुवातीची संख्या काढण्यासाठी वजाबाकीही करावी लागत नाही. हातावर २० मांडून उभी बोटे मिटावीत आणि मिटलेली उभी करावीत. ३१ मधून २० वजा होऊन ११ मिळतात, त्यात नेहमीच्या नियमाने एक मिळवला की १२. ऋण संख्या यंत्रात ज्या रीतीने साठवतात तीच ही रीत आहे, आणि विद्यार्थ्यांना ती फळ्यापेक्षा हातावर लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

बेरीजही याच नियमाने होते, फक्त सुरुवात अंगठ्याऐवजी त्या त्या किमतीच्या बोटापासून करायची. १३ मध्ये ६ मिळवायचे आहेत. सहा म्हणजे दोन आणि चार. हातावर अंगठा, मधले बोट आणि अनामिका उभी आहे. दोन मिळवण्यासाठी तर्जनीपासून निघावे. ती मिटलेली आहे, उभी केली, झाले १५. चार मिळवण्यासाठी मधल्या बोटापासून निघावे. ते उभे आहे, मिटले. अनामिका उभी आहे, मिटली. करंगळी मिटलेली आहे, उभी केली. उरले करंगळी, तर्जनी आणि अंगठा: १९. उलटी मोजणी करायची असल्यास नियम आरशातल्यासारखा होतो: अंगठ्यापासून सलग मिटलेली बोटे उभी करत जावे आणि पहिले उभे बोट मिटून थांबावे. दुप्पट करणे मात्र कागदावर सोपे आणि बोटांवर अवघड आहे, कारण प्रत्येक बोटाची स्थिती पुढच्या बोटावर सरकवावी लागते. करायचेच असेल तर मोठ्या स्थानाकडून सुरुवात करावी, नाहीतर जी स्थिती सरकवायची तीच आधी पुसली जाते.

लांब हातच्याचा त्रास ज्यांना नकोच असेल त्यांच्यासाठी वेगळा क्रम आहे. बेल लॅब्जमधील फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५३ मध्ये ज्याला पेटंट मिळाले, त्या संकेतात दर पावलाला एकच बोट हलते. नियम असा: उभ्या बोटांची संख्या सम असेल (शून्यही सम) तर अंगठ्याची स्थिती बदलावी, विषम असेल तर अंगठ्याच्या बाजूने पाहता जे पहिले उभे बोट दिसेल त्याच्या लगतच्या पुढच्या बोटाची स्थिती बदलावी. मूठ, अंगठा, अंगठा व तर्जनी, तर्जनी, तर्जनी व मधले बोट, तिन्ही, अंगठा व मधले बोट, मधले बोट. अशा सात हालचालींत सात झाले. वाचताना बोटांना १, ३, ७, १५, ३१ अशा किमती द्याव्यात आणि मोठ्या उभ्या बोटापासून आळीपाळीने वजा व अधिक करत यावे: तिन्ही बोटे उभी असल्यास ७ वजा ३ अधिक १, म्हणजे ५. फिरणाऱ्या दांड्याचा कोन मोजणाऱ्या चकत्यांवर हा संकेत वापरतात, कारण दोन पट्ट्या एकाच क्षणी बदलायच्या असतील तर त्यांतली एक किंचित आधी बदलून भलतेच वाचन येण्याचा धोका असतो. बोटांसाठी मी त्याची शिफारस करत नाही. हालचाल वाचते खरी, पण दर पावलाला उभ्या बोटांची समविषमता पाहावी लागते, आणि मघाशी ज्यासाठी डोळे मोकळे केले तो फायदाच जातो.

बोटांवर मोठ्या संख्या धरण्याची कल्पना नवी नाही. बीड या इंग्लंडमधील धर्माभ्यासकाने इ. स. ७२५ च्या सुमारास कालगणनेवर लिहिलेल्या ग्रंथात बोटांच्या स्थितींनी दोन हातांवर ९,९९९ पर्यंत संख्या दाखवण्याची रीत दिली आहे. १०२३ च्या तुलनेत हा आकडा मोठा दिसतो; पण त्या रीतीत बोटे निरनिराळ्या प्रमाणात वाकवून एकेक अंकाची मुद्रा करायची असते, आणि त्या मुद्रा पाठ कराव्या लागतात. अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजण्याची रीत एका हातावर १२ देते, आणि दुसऱ्या हातावर डझन मोजले तर १४४. ती शिकवावीही लागत नाही, आणि खरे सांगायचे तर शंभराच्या आतल्या साध्या मोजणीला मी कोणालाही तीच सुचवेन. द्विमान मोजणीचे वैशिष्ट्य मोठ्या आकड्यात नाही. एकच नियम पाठ केला की सर्व संख्या आणि त्यांवरच्या क्रिया त्यातून निघतात, यात आहे.

वृत्ते शिकलेल्या वाचकांना यातली रचना ओळखीची वाटेल. पिंगलाच्या छंदःशास्त्रात तीन अक्षरांचे लघु-गुरू प्रस्तार, म्हणजे लघु-गुरूंच्या सर्व शक्य जुळण्या, मांडण्याचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा आहे. अंगठा पहिले अक्षर, तर्जनी दुसरे आणि मधले बोट तिसरे मानून मिटलेले बोट गुरू व उभे बोट लघु धरावे, आणि शून्यापासून सातपर्यंत मोजावे. मूठ म्हणजे तीन गुरूंचा मगण. एकटा अंगठा म्हणजे लघु, गुरू, गुरू असा यगण. एकटी तर्जनी म्हणजे रगण. आणि सातला तिन्ही लघूंचा नगण येतो. क्रम जसाच्या तसा जुळतो.

पाच बोटे आणि पाच बिट यांची जोडी यंत्रांनीही वापरली आहे. एमिल बोदो यांच्या १८७४ च्या तारयंत्राच्या कळफलकावर फक्त पाच कळा होत्या, दोन डाव्या हातासाठी आणि तीन उजव्यासाठी, आणि त्यांच्या ३२ जुळण्यांतून अक्षरे पाठवली जात. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये माउसचे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दाखवले, त्यात त्यांच्या दुसऱ्या हाताखाली पाच कळांचा असाच एक संच होता. आजच्या संगणकातील अ‍ॅस्की या, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतातही ही सोय शिल्लक आहे: रोमन वर्णमालेतील अक्षराच्या संकेताचे शेवटचे पाच बिट म्हणजे त्या अक्षराचा वर्णमालेतील क्रमांक. पहिल्या अक्षराचा संकेत ६५, म्हणजे डावी तर्जनी आणि उजवा अंगठा. त्याचेच लहान लिपीतील रूप ९७, म्हणजे त्यात डावा अंगठा वाढवला. अंक ५ चा संकेत ५३ आहे: डावा अंगठा, उजवी करंगळी, आणि उजव्या हातावर उरलेल्या बोटांत ५. असे काही संकेत हातावर मांडून पाहिले की ते तक्ते पाठ करण्याऐवजी समजू लागतात.

उपयोगाचा प्रश्न असा सुटतो. हात मोकळे आहेत, मोजायची गोष्ट सावकाश घडते आहे आणि लक्ष दुसरीकडे गुंतलेले आहे, अशा वेळी ही मोजणी उत्तम. मनातली मोजणी कोणी बोलले की तुटते, बोटांवरची तुटत नाही. हातात काही धरायचे असेल तर ती निरुपयोगी, आणि मोजणीवर काही महत्त्वाचे अवलंबून असेल तर कागद-पेन्सिलच वापरावी. संगणकाशी संबंधित काम करणाऱ्यांना आणखी एक लाभ होतो. अंगठे बाजूला ठेवून दोन्ही हातांची चार-चार बोटे घेतली की एक बाइट (आठ बिट) होतो आणि प्रत्येक हात एक षोडशमान (सोळाच्या पायावरचा) अंक होतो. तर लिनक्स या संगणक-प्रणालीतील फाइलच्या परवानग्यांत ७, ५, ४ असे जे अंक येतात ते अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांवर वाचता येतात: चालवण्याचा १, लिहिण्याचा २, वाचण्याचा ४. पाच म्हणजे मधले बोट आणि अंगठा. वाचता येईल, चालवता येईल, बदलता येणार नाही.

राहिला अर्ध्या वाकवलेल्या बोटाचा प्रश्न. आकडा बरोबर आहे. तीनचा दहावा घात ५९,०४९ होतो आणि एका हातावर २४३ स्थिती मिळतात. पण वर जी टेकलेले किंवा न टेकलेले अशी खात्रीची कसोटी सांगितली, ती तिसऱ्या अवस्थेत उरत नाही. ‘अर्धे’ म्हणजे किती, हे स्पर्श सांगत नाही. ते पाहावे लागते, आणि अनामिका अर्ध्यावर थांबवली तरी शेजारचे बोट हलले की तीही सरकते. यंत्रांतही हाच विचार झाला. तीन पातळ्यांवर चालणारा सेतुन हा संगणक मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये तयार झाला आणि तो चाललाही, पण दोन पातळ्या ओळखणे हे तीन ओळखण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे असल्याने व्यवहारात द्विमानच टिकले. तरीही प्रयोग करायचाच असेल तर तो फक्त अंगठा आणि तर्जनी यांच्यापुरता ठेवावा: टेकलेले, वाकवलेले आणि सरळ अशा तीन स्थिती या दोनच बोटांना पुरेशा स्पष्टपणे धरता येतात.